दिवसभर बसून थकलेलं शरीर : नंदुरबारमधील एका पथारी-कामगार ताईंचं प्रकरण

नंदुरबार म्हटलं की महाराष्ट्राला कुपोषण आठवतं. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा ही नावं वर्तमानपत्रांत येतात ती बहुतेक त्याच कारणानं, आणि ते कारण खोटं नाही. पण मी बसते त्या शहरातल्या आरोग्य केंद्राच्या काट्यावर गेली काही वर्षं दुसरंच चित्र दिसतं आहे. हिमोग्लोबिन नऊ आणि वजन सत्तर, असं दोन्ही एकाच बाईच्या केसपेपरवर. हाताला काम असेल तेव्हा रोज कमावायचं आणि नसेल तेव्हा उधारीवर भागवायचं, अशा घरातल्या बायका. त्यांपैकी एकीची, मिरची वाळवण्याच्या पथारीवर काम करणाऱ्या बाईची, हकिगत इथे सविस्तर मांडते आहे. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. इथे त्यांना नुसतं ताई म्हणेन.

पहिली भेट आणि माझी चूक

डिसेंबर २०२२. ताईंचं वय ३८. तक्रार गुडघेदुखीची. शिवाय दुपारनंतर डोकं गरगरतं, जिना चढताना दम लागतो. वजनाबद्दल त्या स्वतःहून काहीच बोलल्या नाहीत. काट्यावर उभं राहताना मात्र आकड्याकडे न बघता त्या भिंतीकडे बघत होत्या.

उंची १४८ सेंटिमीटर, वजन ६९ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजनाचा आकडा, ३१.५. कंबर ९८ सेंटिमीटर. रक्तदाब १४६/९२, आणि पुढच्या दोन भेटींतही जवळपास तेवढाच. उपाशीपोटी साखर ११८, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.२, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. हिमोग्लोबिन ९.४. आमच्या भागात रक्त कमी दिसलं की सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी केल्याशिवाय पुढे जायचं नसतं. ती केली, नसल्याचं कळलं. थायरॉइड ठीक होतं. गुडघ्याच्या एक्स-रेत झीज नुकती सुरू झालेली.

बीएमआयबद्दल थोडं सांगायला हवं. जगभर २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा मानतात. भारतीयांसाठी हे आकडे खाली आणलेले आहेत. इथे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेची मर्यादा बायकांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९०. कारण आपल्या शरीरात तेवढ्याच वजनाला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि चरबी साठते ती पोटात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापं प्रसिद्ध केली होती. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच सांगत होता.

पहिल्या दिवशी मी ताईंच्या हातात छापील आहारपत्रक ठेवलं. सकाळी ओट्स किंवा दलिया, मधल्या वेळी सफरचंद, जेवणात सॅलड, रात्री सूप, रोज सकाळी ४५ मिनिटं चालणं. ते पत्रक मी तयार केलेलं नव्हतं, पण दिलं मीच. त्यावर नजर फिरवून त्या म्हणाल्या, "माय व, मी खास तरी काय?" मी खाते तरी काय, असं त्यांना म्हणायचं होतं. मी ते मनावर घेतलं नाही. वजन वाढलेला प्रत्येक माणूस असंच म्हणतो, अशी माझी तोपर्यंतची समजूत होती. रक्तदाबाची आणि लोहाची गोळी लिहून दिली आणि महिन्यानं बोलावलं.

दाब पुन्हा मोजायला आठवडाभरात दोनदा आल्या. त्यानंतर आल्याच नाहीत.

घरी गेल्यावर कळलेलं

जानेवारीच्या मध्यात त्यांच्या गल्लीतल्या आशाताई (सरकारी योजनेतल्या आरोग्य-स्वयंसेविका) मला सोबत घेऊन गेल्या. दोन खोल्या, वर पत्रा, घरात पाच माणसं : ताई, नवरा, सासूबाई, १५ वर्षांचा मुलगा, ११ वर्षांची मुलगी. नवरा बाजारात हमाली करतो. त्याचं वजन ५२ किलो, बरगड्या मोजता येतील असा. मुलगी काटकुळी. सासूबाईंना मधुमेह. एकाच चुलीवरचं जेवून पाच जणांची पाच तऱ्हेची शरीरं. लठ्ठपणाला "जास्त खाण्याचा रोग" म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे घर एकदा पाहायला हवं.

ताईंचं काम पथारीवरचं. नंदुरबारला लाल मिरचीचा मोठा बाजार आहे. दिवाळीच्या आगेमागे ओली मिरची येऊ लागते, व्यापारी ती शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर वाळत पसरतात, ती पथारी. तिथे बायका रांगेनं बसून मिरचीचे देठ खुडतात आणि मजुरी वजनावर मिळते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत हंगाम चालतो. सकाळी नऊला बसायचं, सहाला उठायचं. बोटांची आग, डोळ्यांतून पाणी, खोकला, पाठीला कळ. उरलेले महिने ताई घरी शिलाई मशीनवर फॉल-पिको करतात. तेही बसूनच.

"दिनभर बसेल ऱ्हास, पन थकी जास," त्या म्हणाल्या. दिवसभर बसलेली असते, पण थकून जाते. सगळ्या प्रकरणाची किल्ली मला त्या वाक्यात सापडली. थकणं आणि हालणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण, डॉक्टरसुद्धा, त्यांची गल्लत करतो. पथारीवरचे कष्ट खरेच आहेत. ते पाठीला, बोटांना, फुप्फुसांना, डोळ्यांना जाणवतात. पण मांड्या, पोटऱ्या, नितंब ह्या शरीरातल्या मोठ्या स्नायूंना नऊ तास काहीच काम नसतं, आणि कष्टात जास्त कॅलरी जाळतात ते हेच स्नायू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं ५५ किलोच्या स्त्रीला बैठं काम असेल तर दिवसाला १६६० किलोकॅलरी लागतात, मध्यम कष्टाचं असेल तर २१३० आणि जड कष्टाचं असेल तर २७२०. हाडं मोडून येईपर्यंत मिरची खुडली तरी हिशेब पहिल्याच रांगेत राहतो.

आणि त्या जन्मभर ह्या रांगेत नव्हत्या. सासूबाईंनी पेटीतून दोन जुनी कार्डं काढून दिली, दोन्ही बाळंतपणांची. २००७ सालचं, मुलाच्या वेळचं : नोंदणीच्या दिवशी वजन ४६ किलो. तेव्हा त्या शहाद्याकडच्या एका गावात निंदणीला, कापूस वेचायला जात होत्या. दिवसभर वाकणं, चालणं, डोक्यावर भारा. २०११ चं, मुलीच्या वेळचं : ५३. त्याच वर्षी हमालीचं काम आणि मुलाची शाळा ह्यांसाठी घर शहरात आलं. पाय थांबले. ताट तेच राहिलं, शेतमजुराचं.

अकरा वर्षांत १६ किलो. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरल्या तर रोजची शिल्लक निघते ३० कॅलरींच्या आसपास, चहाच्या चमचाभर तेलाहूनही कमी. हा अगदी सरळ हिशेब झाला. वाढलेलं वजन पोसायलाही कॅलरी लागतात, त्यामुळे खाणं आणि खर्च यांतला खरा फरक ह्याहून मोठा असतो. तरीही कोणाच्या डोळ्यांवर येईल असं अधाशी खाणं त्या घरात कधीच झालं नव्हतं. "मी खास तरी काय?" हा प्रश्न प्रामाणिक होता आणि मी तो कानाआड केला होता.

ताटात काय होतं

त्या दिवशी मी आणि आशाताईंनी दोन दिवसांचं खाणं विचारून लिहून काढलं.

सकाळी पाचला उठणं, दोन वेळा चहा, सोबत खारी किंवा टोस्ट. दुपारी डब्यात तीन पोळ्या, तेलातली चटणी, कधी बटाट्याची भाजी. पथारीवर दोन चहा. चार वाजता दहा रुपयांची शेव आणि मुरमुरे, चौघींत मिळून दोन पुड्या. घरी आल्यावर पुन्हा चहा. रात्री दहाच्या पुढे भात, पातळ वरण, एक-दोन पोळ्या, भाजी. आणि शेवटी मुलांच्या ताटातलं उरलेलं. बेरीज २१०० ते २२०० कॅलरी. बरोबर मध्यम कष्टाच्या बाईचा आकडा. प्रथिनं ४० ग्रॅमच्या आतच. दूध फक्त चहापुरतं, अंडं महिन्यात दोन-तीनदा, फळ सणाला.

चहाचे पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. पण पाच कप का, हे विचारल्यावर जे उत्तर मिळालं ते कुठल्याही आहारपत्रकात नव्हतं. पथारीवर संडास-मोरी नव्हती, म्हणून बायका दिवसभर पाणी टाळत. तहान लागली की घोटभर चहा. चहानं भूकही दबते. आणि लोहाच्या गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर चहा घेतला की लोह शरीरात नीट शोषलं जात नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नव्हतं.

तेल महिन्याला सहा पाऊच. एका पाऊचमध्ये ९१० ग्रॅम, त्यावरून माणशी रोजचे ३६ ग्रॅम. बैठं काम असलेल्या बाईला वरून घालायचं तेल-तूप २० ते २५ ग्रॅम पुरतं. दुकानच्या शेवेतलं, भज्यांतलं तेल ह्या हिशेबात नाहीच. गरिबाच्या घरी तेल जास्त का, असा प्रश्न मला एका शिकलेल्या नातेवाइकानं विचारला होता. कारण भाजी कमी असते तेव्हा पोळी घशाखाली उतरवायला तर्री लागते. वांगं पाव किलो आणि खाणारे पाच, अशा वेळी रस्सा वाढवतात, आणि रस्सा चविष्ट होतो तो तेलानं आणि तिखटानं. खानदेशी शेवभाजीचं घरोघरी प्रेम आहे त्यात हाही व्यवहार आहे. भाजी महाग झाली तरी मूठभर शेवेवर पाच जण जेवतात. शेवभाजीला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही, मी स्वतः ती आवडीनं खाते.

धान्य रेशनचं. पाच माणसांचं २५ किलो, गहू आणि तांदूळ. जानेवारी २०२३ पासून तेही पूर्ण फुकट. ह्या धान्यानं घराघरांतली उपासमार थांबवली आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यानं ताटही बदललं. बाजारात ज्वारी गव्हाहून महाग, आणि गहू घरात फुकट आलेला. मग ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर फक्त पाहुणा आल्यावर. ज्वारीच्या भाकरीत कॅलरी पोळीपेक्षा फार कमी असतात असं नाही, तो गैरसमज आहे. पण कळण्यातल्या उडदातून प्रथिनं मिळतात, आणि दोन भाकरींवर पोट भरतं तिथे पोळ्या चार लागतात. २०२२ च्या दिवाळीत सरकारनं १०० रुपयांत शिधा दिला होता : रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. चारांतली एकच वस्तू ह्या घराला खरी हवी होती, ती डाळ, आणि ती आधी संपली.

पैशाकडे बघितलं की सगळं स्पष्ट होतं. दहा रुपयांत शेवेची पुडी घेतली तर दोनशेवर कॅलरी मिळतात, चव मिळते, भूक तासभर मरते. त्याच दहा रुपयांत एक अंडं आणि सुटे पैसे. अंड्यात कॅलरी सत्तर-ऐंशी, पोट भरल्यासारखं वाटत नाही. दिवसाची मजुरी ठरलेली नसलेल्या माणसानं पहिला पर्याय निवडला तर त्याचा हिशेब चुकलेला नसतो.

आणखी तीन गोष्टी

पहिली झोप. गल्लीत नळ एक दिवसाआड, आणि तोही रात्री अकरानंतर. पाणी भरून झोपायला साडेबारा, उठायला पाच. साडेचार तास. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं ग्रेलिन वाढतं, तृप्ती सांगणारं लेप्टिन कमी होतं, आणि दुसऱ्या दिवशी जीव गोड-तळकटाकडे ओढ घेतो. पत्र्याखालच्या मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरी ऑपरेशनची. "ऑपरेशन झालं आणि अंग सुटलं," असं ताईंचं आणि गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं ठाम मत होतं. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत फक्त नळ्या बंद करतात, अंडाशय तसंच राहतं, संप्रेरकांना धक्का लागत नाही. पण बायकांचं निरीक्षण चुकीचं नाही, कारण मात्र वेगळं आहे. शस्त्रक्रिया होते ती शेवटच्या बाळंतपणाला जोडून. तेव्हा आराम, डिंकाचे लाडू, तूप, आणि त्यानंतर पुन्हा शेतावर जाणं नाही. ताईंच्या बाबतीत तर त्याच वर्षी शहर आलं.

तिसरी गोष्ट त्यांच्या जन्माआधीची. ताईंच्या आईनं १९७२ चा दुष्काळ दहा वर्षांची असताना काढला, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन. ताई जन्मल्या तेव्हा "मांजरीच्या पिल्लाएवढी" होत्या असं आई सांगे. उंची १४८ वर थांबली. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून केलेल्या अभ्यासात दिसलं की आपल्याकडे कमी वजनाची जन्मलेली बाळंसुद्धा चरबीच्या बाबतीत इंग्लंडमधल्या बाळांच्या जवळपास असतात, कमी पडतात ते स्नायू आणि अवयव. पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर साठवायला शिकून येतं, आणि पुढे थोडं जरी जादा मिळालं तरी साखर आणि रक्तदाब लवकर बिघडतात. एका बाईबद्दल हे सिद्ध करता येणार नाही. पण नंदुरबारचं कुपोषण आणि नंदुरबारचा लठ्ठपणा ह्या दोन वेगळ्या फायली नाहीत, असं मला हे घर पाहिल्यापासून वाटतं.

देशाचे आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या २०.६ टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता, २०१९-२१ च्या फेरीत २४ टक्के. शहरांत ३३.२ टक्के. आणि त्याच फेरीत ५७ टक्के बायकांना रक्तक्षय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब अभ्यासानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर, आणि पोटाचा लठ्ठपणा ३५ कोटींहून अधिक लोकांना. एवढे लोक सगळे श्रीमंत असूच शकत नाहीत.

काय ठरवलं

पत्रक बाजूला ठेवलं. जमिनीवर बसून ताई, सासूबाई, आशाताई आणि मी बोललो. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. पहिली आणि मोलाची सूचना ताईंचीच होती. पथारी घरापासून पावणेदोन-दोन किलोमीटर. जाता-येता शेअर रिक्षा, दहा-दहा रुपये. "चौघीजणी मिळीसन पायी जाऊत," त्या म्हणाल्या. एकटीनं चालायला त्यांना लाज वाटायची. जाड बाई रस्त्यानं झपझप चालली की पोरं बोलतात, आणि सकाळी फिरायला जाणं हे "बंगलावाल्यासनं काम". कामावर जाणाऱ्या चार बायकांना मात्र कोणी काही बोलत नाही. रोज साडेतीन किलोमीटर, महिन्याचे पाचशे रुपये वाचले.

ते पाचशे कुठे जातील हेही तिथेच ठरलं : पाच किलो ज्वारी, एक किलो उडीद, फुटाणे, आणि आठवड्याला डझनभर अंडी, घरातल्या सगळ्यांसाठी. मुलीला पहिलं अंडं. चार वाजता शेवेऐवजी फुटाणे-मुरमुरे, वर कांदा, तिखट. कळण्याचं दळण आणल्यावर सासूबाई खुलल्या. सुनेला भाकर थापायला वेळ नव्हता, म्हणून रात्रीच्या भाकरी त्यांनी स्वतःकडे घेतल्या. मला ह्याची कल्पनाही नव्हती की घरातल्या एका म्हातारीला काम मिळाल्यानं एवढा फरक पडेल.

तेलाबद्दल "कमी घाला" म्हणून सांगितलं नाही. पाऊच फोडला की त्यावर तारीख लिहायची, एवढंच. सहाचे पाच, मग साडेचार. साखर दोन चमच्यांची एक. लोहाची गोळी चहापासून दोन तास दूर, लिंबू-पाण्याबरोबर. मुलांच्या ताटात आधी थोडं वाढायचं, लागलं तर पुन्हा. उरलेलं खाणं हे ताईंना पापभीरूपणानं सोडवत नव्हतं, तेव्हा उरूच नये हाच मार्ग. उपवासाचाही प्रश्न निघाला. सोमवार आणि चतुर्थी, दोन्ही दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स. उपवासाच्या दिवशी पोटात जास्त जातं हे त्यांनी हिशेब केल्यावर स्वतःच ओळखलं. सोमवार त्यांनी एकवेळ भगर आणि ताकावर आणला, चतुर्थी तशीच ठेवली. मी ताणलं नाही.

पथारीवर संडास नाही म्हणून पाणी टाळण्याचा प्रश्न सुटला नाही. बायकांनी मुकादमाशी बोलणं केलं. पत्र्याचा आडोसा मिळाला तो पुढच्या हंगामात.

पुढचे पंधरा महिने

मार्च २०२३, हंगाम संपताना : वजन ६६.२, कंबर ९४, हिमोग्लोबिन ११.२, गोळीवर रक्तदाब १३२/८४. चक्कर थांबली होती. गुडघा "बोलत होता, पण ओरडत नव्हता".

मग पथारी उठली आणि चालणंही थांबलं. रस्त्यावर ४२ अंश ऊन, कामाला जायचं ठिकाणच नाही. मे महिन्यात घरातली दोन लग्नं. जूनमध्ये नवऱ्याची पाठ पोत्याखाली दुखावली, तो सात आठवडे घरी. त्या सात आठवड्यांत अंडी गेली, ज्वारी गेली, रेशनचा भात राहिला, आणि चिंतेत चहा वाढला. ऑगस्टमध्ये वजन ६८. त्या यायलाच तयार नव्हत्या, आशाताईंनी हाताला धरून आणलं. "सगळं पाण्यात गेलं," म्हणाल्या. तसं नव्हतं. हिमोग्लोबिन टिकलं होतं, साखर ११८ वर परत गेली नव्हती, ११२ होती. ते आकडे मी त्यांना दोनदा वाचून दाखवले.

इथे एक भारतीय अभ्यास माझ्या उपयोगी पडतो. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना फक्त चालणं आणि खाण्यातले बदल सांगितले, आणि तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन मात्र फारसं उतरलं नव्हतं. काट्यावरचा आकडा हलला नाही म्हणून बाईला अपयशी ठरवून घरी पाठवणं हे वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे.

पावसाळ्यात चालण्याऐवजी काय, ह्यावर बराच खल झाला. शेवटी फॉल-पिकोच्या साड्या दुकानातून आणणं-पोचवणं, जे मुलगा सायकलवर करायचा, ते ताईंनी स्वतःकडे घेतलं. बाजारापर्यंत जाऊन-येऊन अडीच किलोमीटर, आठवड्यातून चार-पाच दिवस. दिवाळीनंतर पथारी सुरू झाली आणि चौघींच्या सात जणी झाल्या.

मार्च २०२४ : वजन ६४.८, कंबर ९१, उपाशीपोटी साखर १०६, एचबीएवनसी ५.९, रक्तदाब १२८/८२. सुरुवातीच्या वजनाच्या सहा टक्के उतरलेलं. बीएमआय २९.६, म्हणजे आपल्या मोजपट्टीवर त्या अजूनही लठ्ठच. रक्तदाबाची गोळी चालू आहे, बहुधा चालूच राहील. झोप पाच तासांच्या वर गेलेली नाही, कारण नळ अजून रात्रीच येतो. घोरणं आहे. झोपेची तपासणी करून घ्यायला हवी, पण त्यासाठी बाहेरगावी जावं लागेल आणि दोन दिवसांची मजुरी बुडेल, म्हणून ती राहिली आहे.

त्यातलं किती श्रेय चालण्याचं, किती अंड्यांचं, किती लोहाच्या गोळीचं, हे एका प्रकरणावरून वेगळं काढता येत नाही. रक्त वाढल्यामुळे दम लागणं थांबलं आणि म्हणून चालणं जमलं, असंही झालं असेल. मला स्वतःला तसंच वाटतं. त्यामुळे आता जाड बाई आली की मी आधी हिमोग्लोबिन बघते, वजनावर बोलणं नंतर.

छापील पत्रक आमच्या केंद्रात आता देत नाही. त्याऐवजी पाच प्रश्न विचारतो : काम बसून की उभ्यानं, नळ कधी येतो, तेलाचे पाऊच किती, उरलेलं कोण खातं, कामाच्या जागी संडास आहे का. अर्धं निदान तिथेच होतं. उत्तरांतलं निम्मं मात्र माझ्या औषधाच्या कपाटात नाही. नळाची वेळ आणि पथारीवरचा संडास ह्यांसाठी मी चिठ्ठी लिहून देऊ शकत नाही. नगरपालिकेकडे अर्ज मात्र करू शकते, आणि तो केला आहे.

मार्चच्या त्या भेटीला ताई मुलाला घेऊन आल्या होत्या. तो आता सोळा-सतरा वर्षांचा. शाळा कायमची सुटल्यावर एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दहा तास स्टुलावर बसतो. घरातला पहिला मुलगा, ज्याच्या कामाला ऊन लागत नाही, म्हणून सगळ्यांना त्याचं कौतुक. दुपारचं जेवण म्हणजे वडापाव आणि थंडा. तो चपला काढायला तयार नव्हता, काट्याकडे बघत नव्हता, आईसारखाच भिंतीकडे बघत होता.

"याले बी मोजा, मॅडम," ताई म्हणाल्या.

उंची १६५. वजन ७४. कंबर ९३.

ताईंनी आकडे ऐकले आणि माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, दुकान घरापासून किती लांब आहे, आणि तू जातोस कशावर.